शंख, चक्र आणि १०२४ कप्पे

लहानपणी आजी आम्हा भावंडांची बोटं धरून त्यावरची चक्रं मोजायची. कोणाला किती शंख, किती चक्रं, यावरून पुढे कोण साहेब होणार आणि कोण गुरं राखणार हे ठरायचं. माझी चक्रं चार निघाली. (गुरं नाही, दुसऱ्याचा कोड राखतोय. असो.)

ही चक्रं मध्यंतरी पुन्हा आठवली. आमच्या टीमकडे एका क्लायंटचं हजेरीचं सॉफ्टवेअर आहे. मशीनवर अंगठा ठेवायचा, हजेरी लागते, महिनाअखेरीस ती पगाराच्या हिशोबात जाते. अंगठा जुळला की हजेरी टाकायची, हा भाग मी लिहिलाय. टेस्टिंगसाठी त्यांच्या ऑफिसात गेलो होतो, तर तिथे साफसफाई करणाऱ्या मावशी म्हणाल्या, "दादा, तुमचं मशीन मला वळखत न्हाय. सात दिवसांचा खाडा लागलाय माझा." लॉग काढला. रोज सकाळी पाच-सहा वेळा अंगठा ठेवलेला, दर वेळी 'जुळत नाही'. फिनेलच्या पाण्यात हात घालून घालून रेषा झिजलेल्या. आणि माझ्या कोडात न जुळणाऱ्या माणसाला एकच जागा होती, गैरहजर.

त्यानंतरचे दोन वीकांत मी या ठशांच्या इतिहासात घालवले. गंमत म्हणजे इंग्रजी राज्यातली ही सगळी भानगड आपल्याकडे, म्हणजे बंगालात सुरू झाली.

१८५८ साली जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाचा तरुण अंमलदार होता. युरेनस शोधणाऱ्या हर्शेलचा हा नातू. रस्त्याची खडी पुरवण्याचा करार राज्यधर कोनाई नावाच्या माणसाशी झाला, तेव्हा हर्शेलने त्याच्या हाताला शाई फासून कागदाच्या मागे अख्खा पंजा उमटवून घेतला. शास्त्र वगैरे काही नाही. पुढे हा कोनाई 'सही माझी नव्हेच' म्हणेल, तर त्याला धाक बसावा, एवढाच हेतू. हे हर्शेलने स्वतःच नंतर लिहून ठेवलंय. वीस वर्षांनी, १८७७ मध्ये, तो हुगळीला मॅजिस्ट्रेट असताना त्याने पेन्शनवाले, दस्त नोंदवणारे आणि कैदी अशा सगळ्यांचे ठसे घ्यायला सुरुवात केली. मेलेल्या माणसाची पेन्शन दुसराच उचलतो, ही तेव्हाची तक्रार. आजही सरकारी योजनांच्या फायलीत हेच वाक्य सापडेल, फक्त शाईच्या जागी स्कॅनर.

पण ठसे घेणं सोपं, शोधणं अवघड. समजा ऑफिसात हजारो कागद पडलेत आणि नवा माणूस आला. तो आधी येऊन गेलाय का, हे कसं बघणार? नाव तर तो खोटं सांगणार. प्रत्येक कागद भिंगाखाली धरायचा तर जन्म जाईल. आम्ही ज्याला 'सर्च'चा प्रॉब्लेम म्हणतो तो हाच, आणि तो सुटला कलकत्त्यात. बंगालचा पोलीस प्रमुख एडवर्ड हेन्री, आणि त्याच्या हाताखालचे दोन फौजदार, अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस.

त्यांनी केलं काय? अगदी माझ्या आजीसारखी चक्रं मोजली! दहा बोटांच्या पाच जोड्या. पहिल्या जोडीत चक्र असेल तर १६, दुसरीत ८, मग ४, २, १. चक्र नसेल तर शून्य. प्रत्येक जोडीतल्या दुसऱ्या बोटांची बेरीज अधिक एक हा अंश, पहिल्या बोटांची बेरीज अधिक एक हा छेद. दोन्हीकडे १ ते ३२. बत्तीस गुणिले बत्तीस, १०२४ कप्प्यांचं कपाट. मंडळी, हे बायनरी आहे! संगणकाच्या कितीतरी आधी दोन फौजदारांनी लाकडी कपाटात हॅश टेबल बांधलं होतं. माझा आकडा तेरा छेद अठरा येतो. (तो असा चारचौघांत सांगणं शहाणपणाचं आहे का, हा विचार लिहून झाल्यावर आला.) चक्रच नसलेल्यांचा एक छेद एक हा कप्पा मात्र तुडुंब भरायचा, मग त्यात पोटकप्पे पाडावे लागले. आमच्याकडेही काही वेगळं होत नाही.

१८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचं कार्यालय सुरू झालं, १९०१ मध्ये स्कॉटलंड यार्डात. पद्धतीला नाव मिळालं हेन्रीचं. हक आणि बोस पुढे खानबहादूर आणि रायबहादूर झाले, पण पद्धत 'हेन्री'चीच राहिली. हे वाचून ऑफिसातले काही प्रसंग आठवले, ते सोडून देऊ.

लंडनला जाण्याआधी हा हेन्री काही काळ दक्षिण आफ्रिकेत पोलीसदलाची घडी बसवून आला होता. तिथेच १९०६ मध्ये ट्रान्सवाल सरकारने कायद्याचा मसुदा काढला. प्रत्येक आशियाई माणसाने, अगदी आठ वर्षांवरच्या मुलांनीसुद्धा, नोंदणी करायची, ठसे द्यायचे, आणि पोलीस मागेल तेव्हा परवाना दाखवायचा. गांधीजी तेव्हा जोहान्सबर्गला वकिली करत होते. त्यांनी हेन्रीचंच पुस्तक वाचलं. त्यातून त्यांना कळलं की कायद्याने सक्तीने ठसे घेतात ते फक्त गुन्हेगारांचे. म्हणजे सरकार सबंध समाजाला गुन्हेगारांच्या रांगेत उभं करत होतं. ११ सप्टेंबर १९०६ च्या सभेत कायदा न पाळण्याची शपथ घेतली गेली. सत्याग्रह म्हटलं की आपल्याला मीठ आठवतं, पण त्याची सुरुवात शाईपासून आहे.

यातला पुढचा भाग मला जास्त विचारात पाडतो. जानेवारी १९०८ मध्ये गांधीजी तुरुंगात असताना स्मट्सशी तडजोड झाली. लोकांनी आपणहून नोंदणी करायची, सरकार कायदा मागे घेणार. आपल्याच लोकांना हे फितुरीसारखं वाटलं. १० फेब्रुवारीला गांधीजी नोंदणीसाठी निघाले असताना मीर आलम नावाच्या पठाणाने आणि साथीदारांनी त्यांना रस्त्यात बेदम मारलं. अधिकाऱ्याला कागद घेऊन बिछान्यापाशी बोलावून गांधीजींनी दहाही बोटांचे ठसे दिले! तीच शाई, तीच बोटं. सक्तीने नाही, आपण होऊन देतो, एवढाच फरक. त्यांच्या मते तोच सगळा फरक होता. स्मट्सने कायदा मागे घेतला नाही, तेव्हा १६ ऑगस्टला हमीदिया मशिदीबाहेर मोठ्या कढईत रॉकेल ओतून दोन हजारांहून जास्त परवाने जाळले. कागद जळले. कपाटातले ठसे कसे जाळणार?

इकडे भारतात १९११ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींचे ठसे घ्यायची सोय झाली. जन्माने चोर ठरवलेल्या माणसांनी ठरल्या वेळी हजेरी द्यायची, गाव सोडायला परवानगी काढायची. आपल्या सोलापूरला त्यांची तारेच्या कुंपणातली वसाहत होती. तो कायदा १९५२ मध्ये गेला. 'हजेरी' हा शब्द मी रोज कोडमध्ये टाइप करतो, त्याला हाही अर्थ आहे हे मला ठाऊक नव्हतं.

त्यानंतरचं सगळ्यांना माहीत आहे. २०१० मध्ये नंदुरबारच्या टेंभलीत पहिलं आधार दिलं गेलं. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमताने सांगितलं, आणि २०२२ च्या कायद्याने पोलिसांनी घेतलेली मापं ७५ वर्षं ठेवायची मुभा दिली. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. अंगठा कुठून बदलणार?

मावशींसाठी आता कार्डाची सोय केलीय. सात दिवसांचे पैसे पुढच्या पगारात मिळाले. मात्र त्यांच्या अंगठ्याची माहिती, आणि नोकरी सोडून गेलेल्या सगळ्यांचीही, अजून त्या डेटाबेसमध्ये आहे. ती पुसणारी स्क्रिप्ट मी लिहून ठेवलीय, सतरा ओळींची. चालवायला क्लायंटची परवानगी लागते. तीन मेल पाठवून झाले, शेवटच्यावर उत्तर आलं की 'राहू दे, कधी लागली तर?'