पंचचा वाढदिवस आणि डायरीत नसलेलं नाव

माझ्या प्रकरणाच्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं: ‘९ मे १६६२ रोजी सॅम्युअल पेपिसने लंडनमध्ये पंचचा खेळ पाहिला.’ गाइडनी त्याखाली पेन्सिलने रेघ मारली आणि विचारलं, “डायरीत पंच हा शब्द आहे का?” मी नोंद उघडून पाहिली. नव्हता.

आधी थोडी पार्श्वभूमी. सोळाव्या शतकात इटलीत ‘कोमेदिया देल्लार्ते’ हा मुखवट्यांच्या नाटकाचा प्रकार रुजला. कथानकाचा फक्त आराखडा ठरलेला असे, संवाद नट ऐनवेळी रचत. हे जमायचं, कारण पात्रं ठरलेली होती: व्हेनिसचा कंजूष व्यापारी पांतालोने, बोलोन्याचा बडबड्या पंडित दोत्तोरे, बेर्गामोचा नोकर आर्लेक्कीनो. नेपल्सचा पुल्चिनेल्ला त्यांच्यातलाच. ढगळ पांढरे कपडे, काळा अर्धा मुखवटा, बाकदार नाक. पुढे तो बाहुल्यांच्या खेळातही आला. इंग्लंडचा पंच हा त्याचाच वंशज, असं आपण सगळीकडे वाचतो.

पण पुरावा काय? त्या दिवशी पेपिस एवढंच लिहितो, की कॉव्हेंट गार्डनमध्ये इटालियन बाहुल्यांचा खेळ पाहिला आणि फार आवडला. तरीही ९ मे हा पंचचा वाढदिवस म्हणून साजरा होतो.

मग दावा खोटा आहे का? तसंही नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राजा दुसरा चार्ल्स याच्यासमोर बाहुल्यांचा खेळ झाला. कलाकाराला सोन्याची साखळी आणि पदक देण्याच्या दरबारी नोंदीत त्याचं नाव ‘सिन्योर बोलोन्या ऊर्फ पोलिचिनेला’ असं येतं. १६६६ मध्ये तर पेपिसच हे नाव लिहितो. म्हणजे वंशावळ टिकते, पण ती आपण दाखवतो त्या कागदावर नाही. मे महिन्यातला खेळ याच बोलोन्याचा होता, हे अनुमान आहे. चांगलं अनुमान, पण अनुमानच.

दुसरा खड्डा याहून खोल आहे. पंच आणि ज्युडीच्या खेळाची सर्वाधिक वापरली जाणारी संहिता १८२८ ची. पिचिनी नावाच्या वृद्ध इटालियन खेळवाल्याचा खेळ पाहून ती उतरवली, चित्रं जॉर्ज क्रुकशँकची. उतरवणारा जॉन पेन कॉलिअर. हाच कॉलिअर पुढे शेक्सपिअरविषयीच्या बनावट कागदपत्रांमुळे बदनाम झाला! म्हणून पुस्तक फेकून द्यायचं नाही. पण त्यातली प्रत्येक ओळ पिचिनीच्या तोंडची, असं धरूनही चालायचं नाही.

संशोधन सुरू करणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच: सगळे एकच तारीख देतात म्हणून ती सिद्ध होत नाही, कदाचित सगळ्यांनी एकमेकांचंच वाचलेलं असतं. मूळ नोंद उघडा. ती काय सांगते आणि आपण तिच्या तोंडी काय घालतो, हे वेगळं लिहा.

माझं वाक्य आता असं आहे: ‘९ मे १६६२ रोजी पेपिसने इटालियन बाहुल्यांचा खेळ पाहिला, तो पुल्चिनेल्लाचा असावा.’ त्या ‘असावा’साठी मला दोन आठवडे लागले.