हर्मिन ब्राउनश्टाइनर-रायन

हर्मिन ब्राउनश्टाइनर-रायन (१६ जुलै, १९१९, व्हिएन्ना – १९ एप्रिल, १९९९, बोखुम) ही राव्हेन्सब्रुक व मायदानेक येथील नाझी छळछावण्यांमध्ये पहारेकरी असलेली ऑस्ट्रियन स्त्री होती. नाझी काळातील गुन्ह्यांसाठी अमेरिकेने पश्चिम जर्मनीच्या स्वाधीन केलेली ती पहिली व्यक्ती होय.

पूर्वायुष्य आणि छावण्या

तिचा जन्म धर्मनिष्ठ कॅथलिक कामगार कुटुंबात झाला. परिचारिका होण्याची तिची इच्छा सफल झाली नाही. तिने घरकामाच्या नोकऱ्या केल्या. अधिक वेतन मिळते म्हणून ऑगस्ट १९३९ मध्ये ती बर्लिनच्या उत्तरेकडील राव्हेन्सब्रुक या स्त्रियांच्या छावणीत रुजू झाली.

ऑक्टोबर १९४२ मध्ये तिची बदली व्याप्त पोलंडमधील लुब्लिन शहराजवळच्या मायदानेक छावणीत झाली. तेथे तिला बढतीही मिळाली. पोलिश कैदी तिला ‘घोडी’ म्हणत. लोखंडी नाल ठोकलेल्या बुटांनी ती स्त्रियांना लाथा मारीत असे. या टोपणनावामुळे तिच्या क्रौर्याचीच चर्चा अधिक होते. त्याहून भयंकर होती ती ‘निवड’. श्रमास निरुपयोगी ठरविलेल्या स्त्रिया व बालके वेगळी काढून त्यांना विषारी वायूच्या कोठड्यांकडे धाडले जाई, आणि या कामात तिचा सहभाग होता. १९४३ मध्ये तिला युद्धसेवेचे पदक देण्यात आले. जानेवारी १९४४ मध्ये ती राव्हेन्सब्रुकला परतली व पुढे गेंटिन येथील उपछावणीची प्रमुख झाली.

युद्धानंतर

ऑस्ट्रियातील न्यायालयाने राव्हेन्सब्रुकमधील छळाबद्दल तिला तीन वर्षांची शिक्षा दिली. मायदानेकमधील कृत्यांचा त्या शिक्षेत समावेश नव्हता. १९५० मध्ये तिची सुटका झाली. नंतर रायन नावाच्या एका अमेरिकन गृहस्थाशी तिने कॅनडात विवाह केला, १९५९ मध्ये ती अमेरिकेत गेली आणि १९६३ मध्ये तिला तेथील नागरिकत्व मिळाले. पूर्वीची शिक्षा तिने अधिकाऱ्यांपासून लपविली होती.

सायमन वीझेन्थाल यांना मायदानेकमधून वाचलेल्या स्त्रियांकडून तिचे नाव कळले. त्यांनी काढलेल्या मागावरून ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे वार्ताहर जोसेफ लेलिव्हेल्ड जुलै १९६४ मध्ये क्वीन्स भागातील तिच्या घरी पोहोचले. तरीही अमेरिकन शासनाला तिचे नागरिकत्व संपुष्टात आणण्यास १९७१ साल उजाडले. ७ ऑगस्ट, १९७३ रोजी तिला पश्चिम जर्मनीच्या ताब्यात देण्यात आले.

मायदानेक खटला

ड्युसेलडॉर्फ येथील हा खटला २६ नोव्हेंबर, १९७५ रोजी सुरू झाला व ३० जून, १९८१ पर्यंत चालला. त्याची ४७४ सत्रे झाली. जर्मन कायद्यानुसार मारहाण, छळ, इतकेच नव्हे तर सदोष मनुष्यवधाच्या गुन्ह्यांचीही मुदत तोवर संपलेली होती. उरला होता केवळ खून, आणि त्यासाठी प्रत्येक आरोपीचा व्यक्तिशः सहभाग सिद्ध होणे आवश्यक होते. ज्या लाथांमुळे ती कुप्रसिद्ध झाली, त्यांसाठी आता स्वतंत्र शिक्षा होऊ शकत नव्हती.

त्यामुळे सारा भार साक्षीदारांच्या तीस वर्षांपूर्वीच्या स्मृतीवर आला. दिवस कोणता, गणवेश कसा, कोण कोठे उभे होते, असे प्रश्न ज्यांच्याजवळ ना घड्याळ होते ना दिनदर्शिका, अशा स्त्रियांना विचारले गेले. विषारी वायूचे डबे वाहून न्यावे लागल्याचे एका साक्षीदार स्त्रीने सांगताच, हत्येस साहाय्य केले म्हणून तिलाच अटक करावी, अशी मागणी बचाव पक्षाच्या एका वकिलाने केली. ही मागणी अर्थातच फेटाळली गेली.

अनेक आरोप पुराव्याअभावी टिकले नाहीत. तथापि ८० जणांची हत्या, १०२ बालकांच्या हत्येस साहाय्य आणि १,००० जणांच्या हत्येत सहभाग यांबद्दल न्यायालयाने तिला दोषी ठरविले. आजन्म कारावास झालेली ती या खटल्यातील एकमेव आरोपी होती. सहआरोपी हिल्डेगार्ड लेशर्ट हिला १२ वर्षांची शिक्षा झाली. काही आरोपी १९७९ मध्येच निर्दोष सुटले होते. एबरहार्ड फेश्नर यांनी या खटल्यावर ‘डेर प्रोत्सेस’ (१९८४) हा अनुबोधपट तयार केला.

मधुमेहामुळे पाय कापावा लागल्यानंतर १९९६ मध्ये प्रकृतीच्या कारणास्तव तिची मुक्तता करण्यात आली. तीन वर्षांनी बोखुम येथे तिचे निधन झाले.