खरखरीत, मुलायम आणि आपली मराठी

मागच्या उन्हाळ्यात हातमागाच्या कापडांच्या एका प्रदर्शनाचं काम माझ्याकडे आलं. इंग्रजीत तयार झालेल्या माहितीपत्रकाचं मराठी करायचं होतं. पानं जेमतेम बारा. दोन दिवसांत उरकेल असं वाटलं, पण आठवडा लागला. अडवलं ते एका साध्या शब्दाने, ‘रफ’ने.

इंग्रजी मजकुरात हाताने कातलेलं सूत ‘रफ’ होतं, घोंगडी ‘रफ’ होती, विणकराचा तळहात ‘रफ’ होता, जुन्या मागाचं लाकूडही ‘रफ’ आणि नक्षीचा पहिला आराखडासुद्धा ‘रफ’च. मराठीत एक शब्द घेऊन या पाचही दारांतून आत जाता येईना. सूत भरड म्हणावं लागलं, घोंगडी खरखरीत, तळहात राठ, लाकूड ओबडधोबड आणि आराखडा कच्चा. प्रदर्शनाबाहेर गेलो तर यादी आणखी लांबते. आवाज घोगरा असतो, अंदाज ढोबळ असतो, माणूस रांगडा असतो, जीभ फटकळ असते आणि समुद्र खवळलेला असतो. इंग्रजी माणूस या सगळ्यांना एकाच शब्दात बसवू शकतो. आपण आधी विचारतो, कशाला हात लावलास?

मजकूर पूर्ण करून पाठवला. चार दिवसांनी तो लाल खुणांनी भरून परत आला. ‘मुलायम’, ‘नरम’, ‘नाजूक’ आणि ‘बारीक’ हे शब्द जिथे जिथे होते तिथे काट मारून ‘मृदू’, ‘कोमल’, ‘सुकुमार’ आणि ‘सूक्ष्म’ लिहिलं होतं. समासात शेरा होता: ‘कृपया मराठी शब्द वापरावेत.’ ‘बारीक सूत’चं ‘सूक्ष्म सूत’ झालेलं पाहून हसू आलं. शेरा पुन्हा वाचल्यावर मात्र हसू राहिलं नाही. मी ज्या घरात मराठी शिकलो, त्या घरातले हे रोजचे शब्द. ते मराठी नसतील तर मी काय बोलत होतो? आणखी गंमत म्हणजे छायाचित्रांखाली कुणीतरी आधीच लिहून ठेवलेल्या ‘टेक्स्चर’ आणि ‘फिनिश’ या शब्दांना लाल शाई लागलीच नव्हती.

हा वाद माझ्या बारा पानांपुरता नाही. पुण्यात तो फार जुना आहे, म्हणून त्याचा इतिहास थोडा सविस्तर पाहू.

स्पर्शाचे मराठी शब्द दोन वाटांनी आले आहेत. पहिली वाट आवाजाची. खरखर, खडबड, गुळगुळ, बुळबुळ, लुसलुस या नादांना ‘ईत’ जोडला की खरखरीत, खडबडीत, गुळगुळीत, बुळबुळीत, लुसलुशीत तयार होतात. हात फिरवताना कानाला जे ऐकू येईल किंवा यावंसं वाटेल, तेच वस्तूचं विशेषण. यातल्या प्रत्येकाची जागा ठरलेली. फरशी गुळगुळीत असली तर कौतुक, बुळबुळीत झाली तर पाय घसरणार. इंग्रजीत दोन्हींना ‘स्मूथ’ किंवा ‘स्लिपरी’ म्हणून निभावता येईल, पण ‘बुळबुळीत’मधला शेवाळाचा चिकट ओलावा त्यात येत नाही.

दुसरी वाट बाजाराची. नरम, बारीक, नाजूक हे शब्द फारसीतून आले, मुलायम आणि साफ यांचं मूळ अरबीत. रेशीम, मखमल, अस्तर हेही त्याच वाटेचे प्रवासी. शतकानुशतकं दख्खनच्या पेठांमधून कापड, कागद, कातडं आणि अत्तर यांचा व्यवहार चालला. माल हातात घेऊन पारखायचा तर विकणारा आणि घेणारा यांच्यात एक सामाईक भाषा हवी. ती दरबाराने लादली असं म्हणणं अर्धवट ठरेल. दरबार गेले, सनदा गेल्या, पण शब्द राहिले, कारण ते बोटांच्या टोकांवर बसले होते.

एकोणिसाव्या शतकात हे शब्द कागदावर उतरले तेव्हा काय झालं, ते पाहण्यासारखं आहे. जेम्स मोल्सवर्थ हा कंपनीच्या फौजेतला अधिकारी. जॉर्ज आणि थॉमस हे कँडी बंधू आणि मराठी शास्त्री यांच्या मदतीने त्याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१मध्ये निघाला. १८५७च्या दुसऱ्या आवृत्तीत शब्दांची संख्या चाळीस हजारांवरून सुमारे साठ हजारांवर गेली. उलट्या दिशेचा, म्हणजे इंग्रजी-मराठी कोश थॉमस कँडीने पुरा केला आणि तो १८४७मध्ये प्रसिद्ध झाला. कँडीचा पुण्याशी जवळचा संबंध. विश्रामबाग वाड्यातल्या ज्या संस्कृत पाठशाळेची स्थापना १८२१मध्ये झाली होती, तिची देखरेख पुढे त्याच्याकडे आली. मराठी लेखनात विरामचिन्हं रुजवण्यातही त्याचा मोठा वाटा आहे.

‘रफ’ने मला जसं अडवलं तसंच कँडीलाही अडवलं असणार. त्याचा मार्ग सरळ होता. एका इंग्रजी शब्दापुढे तो एकच मराठी शब्द ठेवून मोकळा होत नाही. कुठल्या वस्तूच्या संदर्भात कोणता शब्द, हे सांगत प्रतिशब्दांची रांग लावतो. मोल्सवर्थ आपल्या कोशात शब्दापुढे कंसात अक्षर घालून मूळ सांगतो: संस्कृत, फारसी, अरबी किंवा हिंदुस्तानी. मूळ सांगतो, पण त्या कारणाने शब्द बाहेर काढत नाही. या दोघांवर आक्षेप घेता येतात. त्यांच्यामागे राज्यकर्त्यांची गरज होती, मिशनऱ्यांचा हेतू होता आणि मदतीला बसलेले बहुतेक ब्राह्मण शास्त्री होते. तरीही मराठी बोलणारा जे बोलतो ते मराठी, ही कसोटी त्यांनी मोठ्या प्रमाणात पाळली. १९७५मध्ये पुण्याहूनच पुनर्मुद्रित झालेली मोल्सवर्थची प्रत माझ्या टेबलावर असते. लाल खुणांचा मजकूर आला त्या रात्री मी ती उघडून बसलो होतो.

वगळण्याची परंपराही तितकीच जुनी आहे आणि तिच्याशी न्यायाने वागलं पाहिजे. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यकारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा ‘राज्यव्यवहारकोश’ तयार झाला. नव्या राज्याला स्वतःची कारभाराची भाषा हवी होती, हे समजण्यासारखं आहे. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली. ‘दिनांक’, ‘महापौर’ असे शब्द आज मीही बिनदिक्कत वापरतो. ते चांगले शब्द आहेत.

या इतिहासातला मला सर्वांत विचारात पाडणारा माणूस म्हणजे माधव ज्यूलियन, अर्थात माधवराव पटवर्धन. ते फारसीचे प्राध्यापक. मराठीत गझल रुजवली ती त्यांनी. त्यांचा ‘फारसी-मराठी कोश’ १९२५मध्ये पुण्यात प्रसिद्ध झाला. मराठीत फारसीचं किती धन आहे, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? याच माणसाने १९३८मध्ये ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिला आणि शुद्धीची बाजू घेतली. पूर्वी मला याचा राग यायचा. आता तसा येत नाही. आपल्याकडे शब्द असताना आळसाने दुसरीकडचा उचलला की आपला शब्द मरतो, ही भीती खोटी नाही. ‘टेक्स्चर’मुळे ‘पोत’ हा सुंदर शब्द आपल्या डोळ्यांसमोर मागे पडतो आहे. कापडाचा पोत, जमिनीचा पोत, आवाजाचा पोत हे एकेकाळी सहज बोललं जायचं.

पण शुद्धीच्या या सगळ्या प्रयत्नांमध्ये एक गोष्ट दिसते. जिंकले ते शब्द कचेरीचे, पदांचे आणि यंत्रांचे. पद नवं निघतं, सरकारी हुकूम निघतो, पाटी बदलते, लोक नवा शब्द शिकतात. स्पर्शाच्या शब्दाला पाटी नसते. तो शाळेच्या आधी आईच्या पदरातून आणि स्वयंपाकघरातल्या पिठातून शिकला जातो.

याची परीक्षा घ्यायची तर आइसलँडइतकं चांगलं उदाहरण नाही. भाषा शुद्ध राखण्यात या चिमुकल्या देशाचा हात धरणारा विरळाच. टेलिफोन आला तेव्हा त्यांनी धागा या अर्थाचा जुना विस्मृतीतला शब्द उकरून काढला आणि त्याला ‘सीमी’ म्हटलं. संगणकासाठी संख्या आणि भविष्य सांगणारी स्त्री या अर्थांचे दोन जुने शब्द जोडून ‘तोल्वा’ घडवला. दोन्ही शब्द घराघरांत गेले. पण इंग्रजीतला ‘रफ’ आइसलँडिकमध्ये न्यायचा तर? त्यांच्याकडे ‘ह्र्यूवुर’ हा शब्द आहे आणि त्याच्या शेजारी ‘ग्रोवुर’ही आहे. हा दुसरा मध्ययुगात जर्मन किनाऱ्याकडच्या बोलीतून आलेला. भरड वाळू, जाडाभरडा धागा यांसाठी तो आजही खुशाल चालतो. संगणकाला परका शब्द नको म्हणणाऱ्या लोकांनी बोटाखालच्या भरडपणासाठी आलेला पाहुणा घरचाच मानला.

आपल्याकडचे पाहुणेही असेच घरचे झाले. पुण्याच्या कसबा पेठेत कागदीपुरा आहे. हाताने कागद बनवणाऱ्या मुसलमान कागद्यांची ही वस्ती. जुन्नरचा कागदही एकेकाळी नावाजलेला. लगद्यातून उचललेला ताव वाळला की खरखरीत असायचा, त्यावर बोरू अडखळायचा आणि शाई फुटायची. म्हणून त्याला खळ द्यायची आणि गुळगुळीत दगडाने घोटून घोटून साफ करायचं. मराठ्यांच्या दप्तरातली मोडी अक्षरं हातकागदावरच धावली. त्या कागदाचं वर्णन करायचं तर खरखरीत, गुळगुळीत, साफ आणि मुलायम हे चारही शब्द लागतात. यातले दोन ठेवून दोन हाकलायचे म्हणजे घोटणाऱ्याचा हात अर्ध्यात थांबवायचा.

माझे नाना पिंजारी होते. नाना पेठेतल्या एका बोळात त्यांच्या धनुकलीची तात दिवसभर घुमायची. गिऱ्हाईक जुनी गादी घेऊन आलं की ते मूठभर कापूस उपसून अंगठ्याखाली चोळायचे आणि निकाल द्यायचे. ‘राठ झालाय, पण पिंजला की नरम येईल.’ राठ आणि नरम, एकाच वाक्यात. समोरच्या काकूंना त्यातला कुठला शब्द परका वाटल्याचं मला आठवत नाही. त्यांना झोपायला चांगली गादी हवी होती आणि नानांना त्यांचं म्हणणं नेमकं कळत होतं.

मी मजकूर परत पाठवताना ‘टेक्स्चर’चं ‘पोत’ केलं, ‘फिनिश’चं ‘सफाई’ केलं आणि ‘मुलायम’, ‘नरम’, ‘नाजूक’, ‘बारीक’ जसेच्या तसे पुन्हा लिहिले. सोबत एक चिठ्ठी जोडली: ‘शब्द मराठीच आहेत. शंका असल्यास कोणत्याही विणकराला विचारावे.’ उत्तर आलं नाही. प्रदर्शनाला गेलो तेव्हा माहितीपत्रक हातात घेऊन पाहिलं. ‘पोत’ होता. ‘बारीक सूत’ वाचलं होतं. ‘मुलायम’च्या जागी मात्र ‘मृदू’च छापलं होतं.

शेजारी एक आजी पैठणीचा पदर हातात घेऊन उभ्या होत्या. नातीला म्हणाल्या, “बघ गं, किती मुलायम आहे.”