मतदारयादी आणि बाबासाहेब

१९१९ च्या कायद्यान्वये मुंबई इलाख्याच्या बहुतेक जिल्ह्यांत ग्रामीण मतदाराच्या नावे किमान ३२ रुपये साऱ्याची जमीन असणे आवश्यक ठरले. विटा व सारा खानापूर तालुका तेव्हा सातारा जिल्ह्यात मोडत असे. वतनी जमिनीच्या वाटणीवर आणि बलुत्यावर जगणाऱ्या महाराचे नाव अशा यादीत येणार कोठून? ज्याला संपत्ती मिळवू दिली नाही, त्यालाच संपत्ती नाही म्हणून मत नाकारावयाचे, असा हा न्याय होता.

या प्रश्नावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कायदा होण्यापूर्वीच, २७ जानेवारी १९१९ रोजी, साउथबरो समितीपुढे साक्ष दिली होती. पुढे सायमन आयोगापुढे १९२८ साली बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने त्यांनी १४० पैकी २२ राखीव जागा व प्रौढ मताधिकार मागितला. प्रौढ मताधिकार मिळाल्यास संयुक्त मतदारसंघातील राखीव जागा पुरेत, न मिळाल्यास स्वतंत्र मतदारसंघ हवा, अशी ती भूमिका होती. पुणे कराराच्या वादात हा दुवा नेहमी झाकोळला जातो. त्यांच्या दृष्टीने मतदारसंघाचा प्रश्न आधी मतदारयादीचा प्रश्न होता.

घटना समितीत १९४७ साली त्यांनी मताधिकार व स्वतंत्र निवडणूक आयोग यांचा अंतर्भाव मूलभूत हक्कांत व्हावा, असा आग्रह धरला. ती जागा मिळाली नाही. परंतु १५ जून १९४९ रोजी त्यांनी प्रांतोप्रांतीच्या वेगवेगळ्या आयोगांऐवजी एकच केंद्रीय आयोग सुचविला. वंश, संस्कृती वा भाषा वेगळी असलेल्यांची नावे काही प्रांतांत यादीबाहेर ठेवली जात आहेत, अशा तक्रारी आल्याचे कारण त्यांनी सांगितले. तीच आजची कलम ३२४ ची तरतूद. कलम ३२५ ने धर्म, वंश, जात व लिंग यांवरून कोणासही यादीतून वगळण्यास मनाई केली, तर ३२६ ने प्रौढ मताधिकार दिला. १९५० व १९५१ चे लोकप्रतिनिधित्वाचे कायदे त्यांच्याच विधिमंत्रिपदाच्या काळात झाले.

तरीही पहिल्या निवडणुकीत सुमारे २८ लाख स्त्रिया यादीबाहेर राहिल्या. 'अमक्याची पत्नी' याखेरीज स्वतःचे नाव सांगण्याची रीत नव्हती, म्हणून! खुद्द बाबासाहेब उत्तर मुंबईच्या द्विसदस्य मतदारसंघात सुमारे साडेचौदा हजार मतांनी पराभूत झाले. तेथे बाद मते सत्तर हजारांहून अधिक होती. दोन्ही मतपत्रिका एकाच पेटीत टाकल्यास एक बाद होत असे. एक मत वाया घालविण्याचा प्रचार झाला, अशी तक्रार घेऊन ते व अशोक मेहता न्यायाधिकरणाकडे गेले. अर्ज फेटाळला गेला.

आयुक्त नेमावा कोणी, हा प्रश्नही १९४९ साली निघाला होता. एखादा अयोग्य मनुष्य त्या पदावर येऊ नये याची हमी मसुद्यात नाही, हे बाबासाहेबांनी मान्य केले आणि नेमणुकीसंबंधी कायदा करण्याचा अधिकार संसदेकडे सोपविला गेला. तो कायदा झाला डिसेंबर २०२३ मध्ये. त्याच वर्षी २ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने निवड समितीत सरन्यायाधीश असावेत असे सांगितले होते. कायद्याने त्यांच्या जागी केंद्रीय मंत्री आणला.

विट्याच्या परिसरातील गलाई व्यवसायातील माणसे आज देशभरातील शहरांत सोन्याचांदीच्या भट्ट्यांवर राबतात. १९५० च्या कायद्याप्रमाणे मनुष्य सामान्यतः जेथे राहतो तेथेच त्याचे नाव नोंदविले जाते. केवळ गावी घर आहे, एवढे त्यासाठी पुरत नाही.