साबा

कॅरिबियन समुद्राच्या ईशान्य भागातील, लेसर अँटिलीस द्वीपमालिकेतील नेदर्लंड्सचे एक लहान बेट. क्षेत्रफळ १३ चौ. किमी.; लोकसंख्या सु. २,०००. सिंट मार्टेनच्या दक्षिणेस सु. ४५ किमी.वर आहे. २०१० पासून त्याला नेदर्लंड्सच्या विशेष नगरपालिकेचा दर्जा आहे. चलन मात्र अमेरिकन डॉलर आणि घरोघरी बोलली जाते ती इंग्रजी.

साबा म्हणजे समुद्रातून थेट वर आलेला ज्वालामुखी. त्याचे माउंट सीनरी हे शिखर (सु. ८७० मी.) संपूर्ण नेदर्लंड्स राज्यातील सर्वोच्च स्थळ होय. किनारा कड्याकपारींचा असून नैसर्गिक बारमाही पुळण कुठेच नाही. वेल्स बे येथे काही महिने वाळू साचते आणि पुढे लाटाच ती ओढून नेतात. पुळणींच्या मागोमाग येणारी मोठमोठी हॉटेले येथे आली नाहीत, ती मुख्यतः यामुळेच.

बंदरही नव्हते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बराचसा माल लॅडर बे येथे होडीतून उतरवून कड्यात खोदलेल्या सु. ८०० पायऱ्यांवरून माणसे डोक्याखांद्यावर वर नेत. येथे रस्ता होणे अशक्य, असे डच अभियंत्यांचे मत पडले. तेव्हा जोसेफस लॅम्बर्ट हॅसेल या स्थानिक सुताराने पत्रद्वारा अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि १९३८ मध्ये गावकऱ्यांना हाताशी धरून काम सुरू केले. यंत्रे नव्हती, दगड फोडणे, वाहणे, बांध रचणे सारे हातांनी झाले. किनाऱ्यावरील फोर्ट बे ते द बॉटम गाव हा पहिला टप्पा १९४३ मध्ये पूर्ण झाला, बेटावर पहिली मोटार १९४७ मध्ये आली आणि संपूर्ण रस्ता १९५८ मध्ये तयार झाला. आजही बेटाची सारी वाहतूक ह्याच रस्त्यावर चालते. साबाची खरी ओळख हा रस्ताच आहे. तो पायी चालून पाहावा.

द बॉटम (राजधानी), विंडवर्डसाइड, झायन्स हिल व सेंट जॉन्स ही चार गावे. पांढऱ्या भिंती, लाल छपरे, हिरव्या झडपा हा घरांचा नेम सर्वत्र पाळलेला दिसतो. छपरावरचे पावसाचे पाणी घराखालच्या टाक्यांत साठवतात. पुरुष खलाशी म्हणून दूरदेशी जात, तेव्हा स्त्रिया लेस विणून संसाराला हातभार लावीत. लिननच्या कापडातील काही धागे ओढून काढायचे आणि उरलेले सुईने बांधून त्यांची नक्षी उठवायची, अशी ही कला. मेरी गर्ट्रूड जॉन्सन यांनी ती काराकासच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकून १८७० च्या दशकात येथे आणली. ही लेस पुढे टपालाने अमेरिकेत विकली जाई.

विंडवर्डसाइडहून हजारांवर पायऱ्या चढून माउंट सीनरीवर जाता येते. पायथ्याची कोरडी झुडपे मागे पडतात आणि नेचे, शेवाळ व ऑर्किडे यांनी लगडलेले, ढगांत भिजलेले जंगल लागते. पायऱ्या सतत निसरड्या असतात. बेटाभोवतीचा समुद्र १९८७ पासून सागरी उद्यान म्हणून संरक्षित आहे. पाण्याखालच्या ज्वालामुखीय सुळक्यांवर वाढलेली प्रवाळे पाहण्यासाठी पाणबुडे दुरून येतात.

विमानतळाची धावपट्टी जेमतेम ४०० मी. लांब, दोन्ही टोकांना कडा. प्रवासी वाहतुकीच्या धावपट्ट्यांत ती जगात सर्वांत आखूड समजली जाते. सिंट मार्टेनहून छोट्या विमानाने सु. १५ मिनिटांत येथे पोहोचता येते, फेरीबोटही आहे. वारा किंवा समुद्र बिघडला की दोन्ही रद्द होतात, म्हणून परतीच्या मोठ्या प्रवासाआधी एक दिवस मोकळा ठेवावा.