खान बहादूर आणि १०२४ कप्पे

पोलीस खात्यातला जुना तपासी माणूस निवृत्त होतो, तेव्हा शाल, श्रीफळ आणि दोन-चार भाषणे ठरलेली असतात. ज्या कामात त्याने उमर घालवली, त्या कामावर त्याचे नाव राहणार का, हे मात्र कोणी विचारत नाही. काझी अझीझुल हक यांच्याविषयी वाचताना मला हाच प्रश्न पडतो.

हक यांचा जन्म १८७२चा, आज बांगलादेशात असलेल्या खुलना भागातला. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात ते गणित आणि विज्ञान शिकले. बंगालचे पोलीसप्रमुख एडवर्ड हेन्री यांना गणित जाणणारा तरुण हवा होता. कॉलेजच्या शिफारशीवरून हक पोलीस खात्यात आले.

त्या काळी सराईत गुन्हेगार ओळखण्यासाठी शरीराची मापे घेत. बोटांचे ठसे त्याहून पक्के होते, पण हजारो कागदांतून नेमका एक कागद काढायचा कसा? हक यांनी ते गणिताने सोडवले. दहा बोटांच्या पाच जोड्या केल्या. ठशात चक्र असेल तर पहिल्या जोडीतल्या बोटाला १६ गुण, पुढच्या जोड्यांना ८, ४, २ आणि १. चक्र नसेल तर शून्य. जोडीतल्या एका बोटाचे गुण वरच्या बेरजेत, दुसऱ्याचे खालच्या. दोन्हींत एकेक मिळवायचा. वर ३२ शक्यता, खाली ३२, म्हणजे १०२४ कप्पे. आपल्या सातवीच्या मुलालाही समजेल असा हा हिशेब आहे.

त्यांचे सहकारी हेमचंद्र बोस यांनी ठशांचे वर्णन तारेने कळवण्याची सांकेतिक पद्धत बसवली. १८९७ साली कलकत्त्यात ठशांचे कार्यालय सुरू झाले. १९०० साली हेन्रींचे पुस्तक आले, १९०१ साली ते स्कॉटलंड यार्डात गेले आणि ही रीत जगभर ‘हेन्री पद्धत’ म्हणून पसरली.

हक पुढे बिहार पोलिसांत गेले. १९१३ साली ‘खान साहिब’, १९२४ साली ‘खान बहादूर’ हे किताब मिळाले. सरकारने ५००० रुपये दिले. पण या कामाची दाद त्यांना स्वतः सरकारदरबारी मागावी लागली. १९२६ साली हेन्रींनी लेखी कबूल केले की, आपल्या हाताखालच्या सर्वांत या कामाला हक यांचा हातभार मोठा होता. निवृत्तीनंतर हक मोतिहारीत राहिले आणि १९३५ साली तिथेच वारले.

पुढे ब्रिटनमधील ठसेतज्ज्ञांच्या संस्थेने हक आणि बोस या दोघांच्या नावाने पुरस्कार सुरू केला. एक मुसलमान, एक हिंदू, एकाच टेबलावर केलेले काम. किताब आणि रक्कम माणसाबरोबर संपतात. पद्धत मात्र दुसऱ्याच्या नावाने चालत राहते. म्हणून आपल्या गावातला एखादा हवालदार किंवा फौजदार निवृत्त होईल, तेव्हा शाल जरूर द्यावी. पण त्याने कोणता गुन्हा कसा उलगडला, तेही त्याच्या नावासकट लिहून ठेवावे. हक यांना हवे होते ते एवढेच.