तेल खवट का होतं, आणि पानाबियांनी ते कसं रोखलं

आजचा विषय स्वयंपाकघरातला आहे, पण त्याचा इतिहास फ्रान्सच्या युद्धकाळातल्या प्रयोगशाळेपासून मुंबईतल्या शिवडीपर्यंत पसरलेला आहे. तेल-तूप खवट होऊ नये म्हणून माणसानं वनस्पतींचा उपयोग कसा केला, ते आज आपण पाहू. आणि जाता जाता एक समजूत तपासू. झाडापानातून आलं ते निर्धोक, कारखान्यात बनलं ते घातक, असं आपण सहज बोलून जातो. इतिहास याला दुजोरा देतो का?

आधी खवटपणा म्हणजे काय ते बघू. तेलातल्या असंतृप्त मेदाम्लाच्या एखाद्या रेणूतून हायड्रोजनचा अणू निघाला, की तो रेणू अस्थिर होतो. तो हवेतला ऑक्सिजन घेतो आणि शेजारच्या रेणूचा हायड्रोजन ओढतो. मग शेजारचा तेच करतो. अशी साखळी चालत राहते. त्यातून तयार झालेली पेरॉक्साइडं पुढे मोडतात, अल्डिहाइडं बनतात, आणि जुन्या शेंगदाण्यांना येतो तो वास यायला लागतो. ऊन, उष्णता, तांब्या-लोखंडाचा अंश यांनी हा वेग वाढतो. अँटिऑक्सिडंट स्वतःचा हायड्रोजन देऊन ही साखळी तोडतो, आणि त्यात स्वतः खर्ची पडतो. म्हणून तो फक्त उशीर करू शकतो. एकदा खवट झालेलं तेल कशानंही पुन्हा ताजं होत नाही.

हे रसायन कळण्याच्या कितीतरी आधी लोकांच्या हाताला उपाय सापडला होता. आपल्याकडे लोणी कढवताना त्यात विड्याचं पान टाकतात. दक्षिणेत कढीपत्ता किंवा शेवग्याचा पाला टाकतात. विचारलं तर बहुतेक जण सांगतील, ‘वासासाठी’. वास येतोच, पण या पानांत फिनॉल वर्गातली द्रव्यं असतात, आणि साखळी तोडण्याचं काम नेमकी तीच करतात. युरोपात १८४३ मध्ये देशाँ यांनी दाखवलं, की मलमासाठी वापरायच्या डुकराच्या चरबीत बेंझॉइन, म्हणजे आपला ऊद, मिसळला तर ती खवट होत नाही. औषधविक्रेते पुढे कित्येक वर्षं अशी ऊद घातलेली चरबी मलमांसाठी वापरत राहिले.

‘हे का होतं’ याचा धागा मिळाला तो पहिल्या महायुद्धात. शार्ल मूरू आणि शार्ल द्युफ्रेस हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ अ‍ॅक्रोलीनवर काम करत होते. हा डोळ्यांची आग करणारा पदार्थ युद्धात वापरायचा होता, पण साठवला की तो बिघडायचा. त्यात हायड्रोक्विनोनसारख्या फिनॉलची चिमूट टाकली की टिकायचा. बिघाडामागे ऑक्सिजन आहे हे त्यांनी ओळखलं आणि १९२२ पासून असे रोधक अनेक पदार्थांत चालतात हे मांडलं. गंमत अशी, की तेल करपल्यावर धुरानं डोळे चुरचुरतात, तेही अ‍ॅक्रोलीनमुळेच!

त्याच १९२२ साली कॅलिफोर्नियात हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरीन बिशप यांना उंदरांच्या प्रजननासाठी लागणारा एक अज्ञात घटक आढळला. तेच पुढे ई जीवनसत्त्व ठरलं. १९३६ मध्ये ते गव्हाच्या अंकुराच्या तेलातून वेगळं काढलं गेलं आणि त्याला टोकोफेरॉल हे नाव मिळालं. १९३७ मध्ये ऑल्कॉट आणि एमर्सन यांनी दाखवलं, की टोकोफेरॉल चरबीला खवटपणापासून वाचवतं. म्हणजे तेलबियांनी आपला राखणदार आधीच आत ठेवलेला होता.

आपण तेल रिफाइंड करतो तेव्हा काय होतं? वास काढण्यासाठी निर्वातात २०० अंश सेल्सिअसच्या वर तापवलेल्या तेलातून वाफ सोडतात. नकोसे वास जातात, आणि त्यांच्याबरोबर टोकोफेरॉलचाही काही भाग जातो. सोयाबीन तेलातून असा निघालेला भाग गोळा करतात आणि त्यातूनच नैसर्गिक ई जीवनसत्त्व मिळवतात! म्हणून घाण्याचं तेल आपोआप जास्त टिकतं असं मात्र समजू नका. त्यात ओलावा, धातूंचे अंश, हरितद्रव्यही राहू शकतं, आणि तेही खवटपणाला हातभार लावतं.

आता शिवडीला येऊ. १९३०च्या दशकात तिथे वनस्पती तूप बनू लागलं. ते साजूक तुपासारखं दिसायचं, आणि भेसळ सुरू झाली. ती पकडायची कशी? नियम आला, की वनस्पतीत किमान ५ टक्के तिळाचं तेल असलंच पाहिजे. कारण तिळाच्या तेलाला हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युरल लावलं की लाल रंग येतो. ही बोदुअँ चाचणी. आता पाहा, तो रंग येतो सेसमॉलमुळे, आणि सेसमॉल हाच तिळाच्या तेलातला एक जोरदार अँटिऑक्सिडंट आहे. तीळ भाजले की तो वाढतो. भाजलेल्या तिळाचं तेल इतकं टिकतं त्यामागे हेही एक कारण आहे. जो रेणू चोर पकडून देत होता, तोच राखणदार होता.

मग झाडापानातलं सगळं चांगलंच, असं म्हणायचं का? इथे आम्हाला एनडीजीए या द्रव्याची गोष्ट सांगितली पाहिजे. अमेरिका-मेक्सिकोच्या वाळवंटात क्रिओसोट नावाचं झुडूप वाढतं. त्यातून हे द्रव्य काढत, आणि १९४०च्या दशकात ते चरबी टिकवण्यासाठी वापरात आलं. काम उत्तम करायचं. पण पुढे उंदरांवरच्या चाचण्यांत मूत्रपिंडं बिघडलेली दिसली आणि १९६८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं त्याला सुरक्षित पदार्थांच्या यादीतून काढलं. संपूर्ण नैसर्गिक पदार्थ होता तो!

उलट बाजूही पाहू. बीएचए हा कारखान्यात बनणारा रोधक. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमधल्या प्रयोगांत, त्याच्या मोठ्या मात्रेनं उंदरांच्या जठराच्या पुढच्या कप्प्यात गाठी झाल्या. माणसाला तो कप्पाच नसतो, त्यामुळे अर्थ काय लावायचा यावर वाद झाला. पण लोकांचा विश्वास हलला आणि उद्योग पुन्हा वनस्पतींकडे वळला. १९५२ मध्ये चिपॉल्ट आणि सहकाऱ्यांनी ३२ मसाले तपासले होते, त्यांत रोझमेरी आणि सेज वरचढ ठरले होते. त्या रोझमेरीचा अर्क युरोपीय संघानं २०१० मध्ये ‘ई ३९२’ या क्रमांकानं मान्य केला, तोही चाचण्या घेऊन, आणि कोणत्या पदार्थात किती हे ठरवून.

म्हणून बाटलीवर ‘नैसर्गिक’ लिहिलेलं दिसलं, तर आपण तीन गोष्टी विचाराव्यात: द्रव्य कोणतं, मात्रा किती, आणि ते कशावर तपासलंय? विड्याचं पान कढवताना खुशाल टाका. पण बरणी अंधारात ठेवा, झाकण घट्ट लावा, आणि चमचा कोरडा वापरा. कारण पानातला राखणदार शेवटी संपणारच असतो.